प्रेसच्या चौथ्या पायाखाली

अण्णा,

तुमच्या कारखान्यातला तो झाकणं ठोकणारा प्रेस भंगारात गेला, हे मला या उन्हाळ्यात कळलं. जाऊन पंधरा वर्षं झाली म्हणे. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच वर्षी शेटनी तो विकला, शेडचे पत्रे काढून क्रेन आत घातली आणि तुकडे करून नेला. आणि मी, तुमची एकुलती एक मुलगी, जिचं पोट जमिनीखालचं ऐकण्यावर चालतं, तिला पत्ता नाही. नुसता पत्ता नसता तरी हे लिहायला बसले नसते. मी त्या प्रेसचा ठोका रिपोर्टमध्ये लिहून मोकळी झाले होते. नसलेल्या प्रेसचा, खाली माझी सही आणि शिक्का.

पहिल्यापासून सांगते, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही. आपली डोंबिवलीची बिल्डिंग पाडली. तीन मजल्यांच्या जागी अकरा होणार आहेत, लिफ्टसकट. सगळ्यांनी घरं रिकामी करून आठ महिने झाले, जो तो मिळेल तिथे भाड्याने राहतो आहे. तळमजल्यावरचे काका-काकू ठाकुर्लीला गेले, दुसऱ्या मजल्यावर. खाली जागा मिळाली नाही, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. काकूंचे गुडघे तुमच्या वेळेलाच कुरकुरत होते, आता त्यांना जिना चढता-उतरता येतच नाही. गेल्यापासून, एक दिवस सोडला तर, त्या वरच आहेत. आपल्या घराला कुलूपच होतं. तुमच्यानंतर आई माझ्याकडे ठाण्यात नौपाड्याला आली, आणि तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून डोंबिवलीला माझं जाणं म्हणजे वर्षातून एकदा, सोसायटीच्या मीटिंगला, तेही काका रागावतील म्हणून.

तर पाया घालण्याआधी जमिनीचा रिपोर्ट लागतो. बिल्डरने पुढच्या बाजूला दोन बोअर मारले, दोन्हीकडे बारा-पंधरा फुटांवर खडक लागला. मागच्या कोपऱ्यात मलब्याचा ढीग होता, बोअरची गाडी जाईना. मग काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आपल्याच बिल्डिंगची मुलगी या विषयातली आहे, ती काही न खणता सांगेल. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी उभी राहिले. फी घेणार नाही म्हटलं. तिथेच माझं पहिलं चुकलं असं आता वाटतं. बिनपैशाच्या कामाला माणूस दोन तास कमी देतो, आणि स्वतःला सांगतो की उपकार केले.

माझं काम काय ते तुम्हाला मी एकदाच नीट सांगितलं होतं, नोकरी लागली त्या आठवड्यात, जेवताना. तुम्ही विचारलंत, "जमीन हलवता कशाने? सुरुंग लावता?" मी म्हटलं, काही लावायचं नाही, ती आपली हलतच असते. वारा, ट्रक, खाडीचं पाणी, पोरांच्या उड्या, लांबचा समुद्रसुद्धा, या सगळ्याने ती सारखी थरथरत असते, फक्त आपल्याला जाणवत नाही इतकी बारीक. खडकावर मातीचा थर पातळ असला तर तो भराभर थरथरतो, जाड असला तर संथ. उथळ पाण्याला खळखळाट फार, ते मातीलाही लागू आहे. आपण फक्त यंत्र ठेवायचं, अर्धा तास गप्प बसायचं आणि त्या थरथरीतला ठेका शोधायचा. त्यावरून खाली किती खोल गाळ आहे ते काढता येतं. तुम्ही घास तसाच हातात धरून ऐकत होतात. मग म्हणालात, "म्हणजे बेअरिंग ऐकण्यासारखंच की." आई म्हणाली, आता ताटात बेअरिंग नको. पण त्यानंतर तुम्ही बिल्डिंगभर सांगत सुटलात की आमची मुलगी जमिनीला स्टेथोस्कोप लावते.

बेअरिंग ऐकणं मी तुमच्याकडून शिकले ते नऊ-दहा वर्षांची असताना. कारखाना आपल्या मागच्या भिंतीपलीकडेच, डब्यांची झाकणं करायचा. दुपारी आई तुमचा डबा माझ्याबरोबर पाठवायची. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याचं टोक मशीनच्या अंगावर टेकवायचात, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायचात, आणि डोळे मिटायचात. एकदा तो स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिलात. मूठ कानाला लावल्याबरोबर इतका मोठा आवाज डोक्यात शिरला की मी तो टाकूनच दिला. तुम्ही रागावलात. हत्यार टाकलं म्हणून रागावलात, घाबरले म्हणून नाही. मग पुन्हा हातात दिलात आणि विचारलंत, "घरघर कुठून येतेय?" मी म्हटलं, या मोटरमधून. तुम्ही मोटर बंद केलीत. घरघर तशीच चालू राहिली. ती शेजारच्या मशीनची होती. "आधी बंद करून ऐकायचं," तुम्ही म्हणालात. "मग बोलायचं." हे वाक्य मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं आहे, तुमचं नाव न सांगता, स्वतःचं असल्यासारखं.

तुमचा लाडका प्रेस मात्र मोठा होता. सेकंदाला दोन ठोके. धप-धप, धप-धप. आपल्या स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी त्याच्या तालावर किणकिणायची. मी त्याच ठेक्यावर पाढे म्हटले आणि त्याच ठेक्यावर झोपले. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी, त्या दिवशी सगळा भाग बंद. शुक्रवारी सकाळी मला लवकर जाग यायची, कारण काहीतरी कमी असायचं.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी तुम्ही मला नवा फ्रॉक घालून कारखान्यात न्यायचात. मशीनं धुऊन-पुसून लख्ख केलेली, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, पेढे. पूजेच्या आधी तुमचं एक काम असायचं. प्रेसच्या बैठकीवर स्पिरिट लेव्हल ठेवायची आणि बुडबुडा बघायचा. बघायचं काम माझं. तुम्ही खाली वाकलेले, मी वर. दरवर्षी बुडबुडा त्याच बाजूला सरकलेला. भिंतीकडचा, म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या बाजूचा चौथा पाय दरवर्षी थोडा खाली गेलेला असायचा. मग बोल्ट सैल करायचे, दोघांनी पहार लावून कोपरा उचलायचा, आणि तुम्ही पायाखाली पोलादाची एक पातळ पट्टी सारायचात. "आता?" तुम्ही खालून विचारायचात. मी सांगायचे, अजून थोडा. "आता?" आला मध्ये. मग बोल्ट आवळायचे, नारळ फोडायचा. माझ्या दहावीपर्यंत त्या पायाखाली पट्ट्यांची बोटभर जाड चळत झाली होती. मी एकदा विचारलं की हाच पाय का खचतो, बाकीचे तीन का नाही. तुम्ही हात पुसत म्हणालात, "मशीनचा दोष नाही गं. ते बिचारं खालचं सांगतंय. या कोपऱ्याखाली काहीतरी मऊ आहे."

हे वाक्य मला चाळीस वर्षांनी आठवलं, अण्णा. एक महिना आधी आठवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

वैशाखातला दिवस होता. सकाळी ठाण्यात एक साइट, मग कल्याणला एक, आणि तिसरी ही. गुडघा दुखत होता, तुमच्या मुलीचं वय आता त्रेपन्न आहे. मोकळ्या प्लॉटवर सावली नाही. काका थर्मास घेऊन आले होते आणि भिंतीच्या कडेला उभे होते. पुढच्या जागांवर यंत्र ठेवलं, सगळीकडे भरभर थरथर, सेकंदाला आठ-नऊ. म्हणजे पातळ माती, लगेच खडक. बोअरशी बरोबर जुळणारं. शेवटी मागचा कोपरा. मलबा तोवर उचललेला होता. अर्धा तास बसले. भिंतीपलीकडे तीच शेड, तेच काळपट पत्रे. आतून काहीतरी आपटल्याचे आवाज येत होते. काका म्हणाले, "झालं का गं? लवकर दे बाई रिपोर्ट, सगळं त्यावर अडलंय." घरी येऊन आलेख काढला, तर या कोपऱ्यात ठेका वेगळाच. संथ. सेकंदाला दोन.

सेकंदाला दोन म्हणजे सरळ हिशेबाने पन्नासेक फूट गाळ. पुढे पंधरा फुटांवर खडक आणि मागे पन्नास फूट चिखल, एकाच इमारतीखाली. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला काय वाटलं असेल? भीती नाही, काळजी नाही. कंटाळा वाटला. आता पुन्हा बोअर, पुन्हा मीटिंग, काकांचे फोन. आणि तेवढ्यात सुचलं, दोन म्हणजे प्रेस! धप-धप, धप-धप. मशीनचा ठेका जमिनीच्या नोंदीत घुसतो, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या ढोलांच्या आसपास यंत्र लावायचं नाही, हा तर आमच्या ऑफिसातला अलिखित नियम आहे. मला इतकं हलकं वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मी लिहिलं की मागच्या कोपऱ्यातला संथ ठेका लगतच्या कारखान्यातल्या प्रेसचा आहे, तो जमिनीचा धरू नये. खडक सर्वत्र उथळ आहे.

आणि मला हे कळत नव्हतं असं नाही. मशीनचा ठेका आलेखात सुईसारखा उभा दिसतो, मशीन चुकत नाही म्हणून. जमिनीचा टेकडीसारखा पसरट येतो. माझ्यासमोर टेकडी होती. दुसरं कोणी असं लिहून आणलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावून परत पाठवलं असतं. पण मी दुसऱ्याच्या कारखान्याबद्दल लिहीत नव्हते. तो प्रेस चालू आहे का, हे भिंतीवरून डोकावून बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तो असणारच होता. मी तिथे बसले होते तेव्हा तो मला पायाखाली लागला होता. खोटं नाही सांगत, अण्णा, खरंच लागला होता.

रिपोर्ट गेला. मग एका मंगळवारी काकांचा फोन आला. "अगं, तुझा रिपोर्ट वाचला. इंग्रजी आहे, पण शब्दन् शब्द वाचला. अण्णांच्या प्रेसचं लिहिलंयस ना? डोळ्यांत पाणी आलं बघ." मी काहीतरी हं-हूं केलं. काका म्हणाले, "पण एक सांगू का, तो प्रेस आता नाही गं. कधीच गेला. अण्णा गेले त्याच्या पुढच्याच वर्षी. मी उभा होतो तिथे, क्रेनने काढला तेव्हा. आता तिथे लोक ऑनलाइन मागवतात ना, त्याची खोकी असतात. पण तू काही बदलू नकोस हं. राहू दे. निदान कागदावर तरी राहील त्यांचा प्रेस." एवढं बोलून ते काकूंच्या औषधांबद्दल बोलू लागले. आपण काय सांगितलं, याची त्यांना काही कल्पना नव्हती.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कुकरच्या शिट्या होत होत्या, त्या मोजल्या नाहीत, भाताची पेज झाली. जगात दोनच माणसांना ठाऊक होतं की तो प्रेस नाही आणि रिपोर्टात आहे. त्यातल्या एकाला त्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि तो स्वतःच म्हणत होता की राहू दे. बिल्डरच्या माणसाने तो रिपोर्ट फाइलला लावला होता. कोणी पुन्हा वाचणार नव्हतं. इमारत उभी राहिली असती, लिफ्ट लागली असती, काकू खाली उतरल्या असत्या. आणि मग कधीतरी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, मागचा कोपरा खाली जायला लागला असता, किंवा एखादा भूकंप आला असता आणि अर्धी इमारत एका ठेक्यावर हलली असती, अर्धी दुसऱ्या. इमारतीखाली पट्टी सारता येत नाही. खंडेनवमीचा तुमचा तो चौथा पाय मला तेव्हा आठवला, भाताचा वास येत असताना. तो प्रेस आयुष्यभर ज्या जमिनीची तक्रार करत होता, तिचंच पाप मी त्याच्या नावावर टाकलं होतं.

शुक्रवारी गेले. शुक्रवार यासाठी की आजूबाजूचं सगळं बंद हवं होतं. तुमचं वाक्य, उशिरा का होईना. सकाळी आठला पोचले, रस्ता रिकामा, शेडला कुलूप. भिंतीवरून डोकावून पाहिलं. एका तुटलेल्या पत्र्यातून आतली सिमेंटची बैठक दिसत होती, चार कोपऱ्यांत बोल्टांचे गंजके खुंट, त्यावर खोक्यांची थप्पी. ती थप्पी आपल्या बाजूला कललेली होती, किंवा मला तशी दिसली. मग कोपऱ्यात यंत्र ठेवलं. यंत्राला त्याचा स्वतःचा बुडबुडा असतो, तरी मी तुमची लेव्हल काढली. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही दिलेली, लाकडी पेटीतली. तुम्ही देताना म्हणाला होतात, "माझ्यापेक्षा तुलाच ती जास्त वाचता येते." त्या वेळी मला वाटलं होतं की पेनसेट वगैरे द्यायचा सोडून हे काय. ती नेहमी माझ्या बॅगेत असते, पण बाहेर काढली ती किती वर्षांनी, आठवत नाही.

अर्धा तास हलायचं नाही, म्हणून विटांच्या ढिगावर बसून राहिले. आणि तुम्ही एकदा माझ्याबरोबर साइटवर आला होतात तो दिवस आठवला. रिटायर झाल्यावर, खाडीजवळ. तुम्ही यंत्राभोवती फेऱ्या मारत होतात आणि मी चारचौघांत तुमच्यावर खेकसले होते, "अण्णा, तिकडे गेटपाशी जाऊन उभे राहा, तुमची पावलं येतात नोंदीत." तुम्ही म्हणालात, "मग बरंच की, हजेरी लागली." आणि जाऊन उन्हात उभे राहिलात, पाणी न मागता. संध्याकाळी मी नोंदीतून तुमच्या पावलांचा तेवढा तुकडा कापून टाकला, कामाचा नव्हता म्हणून. तसाच नियम आहे. आजही तेच करेन. फक्त खेकसायला नको होतं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

शांततेत तो ठेका आला. सेकंदाला दोन, संथ, पसरट. मागच्या वेळेपेक्षा स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी ठाकुर्लीला गेले. फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. काकूंनी कांदेपोहे केले होते. काकांना वाटलं, मी गाठ घ्यायला आले. मी सांगायला लागले, चित्र काढून, पुढे खडक, मागे गाळ. काका ऐकत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "म्हणजे प्रेस नाही, हे मीच तुला सांगितलं."

"हो, काका."

"मी बोललो नसतो तर?"

"मला कळलं नसतं."

काका हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसले. "ही म्हणते ते खरंय. मला तोंड आवरत नाही."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किती लांबलं?" मी म्हटलं, नवीन बोअर, नवीन पाया, खडकापर्यंत जाणारे खोल पाइल्स, पुन्हा परवानग्या. बिल्डर टिकला तर वर्ष-दीड वर्ष. काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तुझं काय, तू लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहतेस. आमच्याकडे तेवढी वर्षं नाहीत गं. आठ महिन्यांत एकदा खाली उतरलेय मी, भूमिपूजनाला. तेही चौघांनी खुर्चीत बसवून." त्यांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी जरा आपटूनच ठेवली आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने त्या दाराशी आल्या. "आमची मोरी होती ना मागच्या बाजूची. तिची फरशी कायम उतरायची. पाणी जाळीकडे जायचंच नाही, कोपऱ्यात साठायचं. अण्णाच येऊन सिमेंट भरून द्यायचे. चार वेळा तरी भरलं असेल." मी म्हटलं, तोच कोपरा, काकू. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत कोणी," काकू म्हणाल्या. हे त्या मला म्हणाल्या की तुम्हाला, कोण जाणे. पण त्यांनी चहा टाकला.

पुढचं थोडक्यात. मी पहिला रिपोर्ट मागे घेतला, दुसरा दिला. चुकीच्या कारणापुढे लिहिलं, 'बाहेरील कंपनाचा स्रोत प्रत्यक्ष न तपासता गृहीत धरला गेला.' मराठीत काय, इंग्रजीत काय, असली वाक्यं कर्त्याला वाचवायलाच केलेली असतात. सोसायटीच्या ग्रुपवर लोकांनी मला काय काय म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लिहिलं की फुकट काम करून घेतलं की असंच होतं. मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. त्यांचं बरोबरच होतं. मागच्या आठवड्यात नवीन बोअर मारला. अठ्ठेचाळीस फुटांपर्यंत काळा चिखल, शिंपल्यांचे तुकडे, मग खडक. बिल्डर विचार करून सांगतो म्हणालाय. ऑफिसात दोघा-तिघांनी पाठ थोपटली, स्वतःची चूक स्वतः कबूल करायला छाती लागते म्हणाले, आणि तीही कळल्या कळल्या, तीन दिवसांत. मी मान हलवली. काकाही सगळ्यांना तेच सांगतात. मंगळवारी मी बोललो, शुक्रवारी पोरगी हजर. शेवटी अण्णांची मुलगी.

हा कागद कुठे जायचा नाही, लेव्हलच्या पेटीत मखमलीखाली ठेवते. त्याआधी एवढं.

मंगळवार खरा आहे. शुक्रवारही खरा आहे. पण तो त्याच आठवड्यातला नव्हता, पुढच्या आठवड्यातला होता. काकांच्या हिशेबातून मधला आठवडा गळला, आणि मी तो दाखवून दिला नाही. पहिल्या शुक्रवारी मी सकाळी बॅग भरली, जोडे घातले, आणि मग गुडघा दुखतो म्हणून पुन्हा काढले. बाजारात जाऊन आंबे आणले. अढी लावली. कोणाला काही कळणार नाही, असं दिवसभर मनाशी घोळवत राहिले. त्या रविवारी भूमिपूजन होतं. काकूंना चार जणांनी खुर्चीत बसवून जिना उतरवला, रिक्षातून प्लॉटवर आणलं. त्यांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. मी तिथेच होते, अण्णा, त्याच कोपऱ्यात उभी होते. काकू मला म्हणाल्या, तुझ्यामुळे झालं गं बाई, आणि पेढा माझ्या तोंडाशी धरला.

मी तो खाल्ला.